दाब मोजला, मग कागदावर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पानावरचा हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. मानेच्या शिरेतून घातलेली नळी उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत कशी पोचते, टोकाचा फुगा फुगवला की डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज कसा येतो, हे डॉक्टरांनी छान समजावलंय. फक्त तिला ‘अत्याधुनिक’ म्हणू नका. स्वान आणि गँझ यांची ही नळी 1970 सालची. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला ऐकून बरं वाटलं, पण खरं ते खरं.

मला विचारायचंय ते वेगळंच. हे आकडे पुढे जातात कुठे?

माझ्या धाकट्या बहिणीची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूची) दिवाळीनंतर नागपुरात बदलली. आयसीयूत भेटायला सोडलं तेव्हा मावशींनी पलंग वर केला आणि पडद्यावरचा दाबाचा आकडा एकदम चढला. माझ्या पोटात गोळा! सिस्टर मात्र शांत. त्यांनी स्टँडवरची ट्रान्सड्यूसरची, म्हणजे दाब मोजणारी डबी तिच्या काखेच्या रेषेत आणली, चावी फिरवून शून्य केलं, आकडा पुन्हा जागेवर. म्हणाल्या, “काका, डबी दहा सेंटिमीटर खाली राहिली तर सात मिलिमीटर जास्त दाखवते.” मोजताना एवढी काळजी. आणि सुट्टीच्या कार्डावर काय? ‘झडप बदलली, प्रकृती स्थिर.’ बस्स.

उन्हाळ्यात तिला परत दम लागायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी इको केला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब 50. “ऑपरेशनच्या आधी किती होता? 80 चा 50 झाला असेल तर उतरतोय. 40 चा 50 झाला असेल तर चढतोय. मी काय समजू?” फाईल उलटीपालटी केली. पथ्याचा कागद होता, बिलांच्या झेरॉक्स होत्या, गेटपाससुद्धा जपून लावला होता. दाब तेवढा नव्हता. नागपूरच्या दवाखान्यात फोन केला तर “अर्ज घेऊन या.” पऱ्हाटीचं काम टाकून गेलो, तर रेकॉर्डवाले साहेब सुट्टीवर. वा राजेहो!

ऑपरेशनआधीचा दाब, नंतरचा दाब आणि तारीख, एवढं कार्डावर लिहायला कितीशी शाई लागते, हे आपल्या लेखक डॉक्टरांना जरूर विचारा.

जाता जाता. बहिणीची झडप खराब झाली ती लहानपणीच्या सांधेतापाने. आज आमच्या शेजारच्या पोराला त्याच दुखण्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं आणि आरोग्य केंद्रात ते ‘संपलं’ असतं. त्यावर लेख कधी छापणार? की त्यात नळी नाही, पडदा नाही, म्हणून फोटो चांगला येत नाही?

आपला,
एक जुना वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ