घाटावर बांबू, नदीत इंजिनाच्या बोटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतींची बातमी कालच्या अंकात पहिल्या पानावर वाचली. फोटो चांगले आले आहेत. बंदोबस्त चोख होता, नदीपात्रात सुरक्षेची पूर्ण काळजी घेतली होती आणि शर्यती निर्विघ्न पार पडल्या, असं आपल्या प्रतिनिधीनं लिहिलंय. मी त्या दिवशी सकाळपासून घाटाच्या पायऱ्यांवर होतो. तिथून जे दिसलं त्यातलं काहीही बातमीत नाही, म्हणून हे पत्र.

शर्यतींना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. श्रावणात नदी भरली की होड्या बघायला सांगलीच्या आयर्विन पुलाचा कठडा धरून उभं राहण्यात माझं लहानपण गेलं. शर्यतीपुरती नदी इतरांना बंद ठेवण्यालाही विरोध नाही. वेगात आलेली होडी जागच्या जागी थांबत नाही. मध्येच एखादी नाव आडवी आली किंवा कुणी पोहत समोर आलं तर काय होईल, हे काठावरच्या माणसाला शिकवायला नको. डिग्रज, भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरीच्या भीतीनं लोक वर्षभर जपूनच पाण्यात उतरतात. ऑगस्ट 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली, ते या जिल्ह्यात कुणीही विसरलेलं नाही. पाण्यात नियम हवेत, कडक हवेत, पण ते सगळ्यांना सारखे हवेत आणि आधी सांगितलेले हवेत. परवा या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

त्या दिवशी माझ्या आईचा दहावा होता.

दहावा म्हणजे सोयीनं तारीख बघून ठरवायचा कार्यक्रम नव्हे. शर्यत आठवडाभर मागंपुढं करता येते, दहावा करता येत नाही. आम्ही भाऊ, बहिणी, भावकी, गुरुजी असे सगळे सकाळी घाटावर पोचलो, तर वरच्या पायरीलाच बांबू आडवे बांधलेले. खाली जायचं नाही, शर्यत आहे, असं तिथल्या स्वयंसेवकानं सांगितलं. शर्यत कितीला, तर दुपारी. मग सकाळी पायऱ्या कशासाठी अडवल्या, याला उत्तर नव्हतं. ‘वरून सांगितलंय’ एवढंच तो म्हणत राहिला. पोरगा विशीतला होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला तिथं उभं करून गेलेल्यांपैकी कुणी समोर आलं नाही.

बरीच विनवणी केल्यावर बांबूच्या अलीकडं, वरच्या पायरीवर विधी उरका, अशी परवानगी मिळाली. उरका हाच शब्द वापरला गेला. पाण्यात उतरायचं नाही, बुडी मारायची नाही. भादरून झालेल्या आम्हा भावांनी शेजारच्या घरातून बादली मागून आणून अंगावर पाणी घेतलं. नदी समोर दहा पावलांवर वाहत होती.

पिंड मांडले आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. डोक्यावर, खांबाला दोन कर्णे बांधलेले. त्यावर एकसारखी गाणी, मधूनमधून स्वागत, देणगीदारांची नावं, पाहुण्यांच्या आगमनाच्या घोषणा. कुठलासा पाहुणा आला की फटाक्यांची माळ. घाटावरच्या पिंपळावर एरवी कावळ्यांची कमी नसते. त्या दिवशी ते पैलतीरावर जाऊन बसले होते, तिथून हलायला तयार नव्हते. थोरल्या भावानं हात जोडून आईला सांगितलं, धाकटीच्या मुलीचं लग्न आम्ही सगळे मिळून करू, काळजी करू नकोस. बहिणीनं सांगितलं, तुझी तुळस मी घेऊन जाते. ज्याला जे सुचेल ते तो कबूल करत होता. मी जाऊन कर्णेवाल्याला पाच मिनिटं आवाज बंद ठेवायची विनंती केली. त्यानं मंडपाकडं बोट दाखवलं. मंडपात गेलो, तिथं कुणाला ऐकायला वेळ नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. शास्त्रात सोय आहे, मान्य आहे. पण माझी बहीण त्या वेळी ज्या प्रकारे रडली ते मला अजून जात नाही. आईचं काहीतरी राहिलं, हे तिच्या मनातून आता कोण काढणार?

पिंडही तिथं सोडू दिले नाहीत. रिक्षा करून हरिपूरला संगमावर गेलो आणि तिथं सोडून आलो.

आता ज्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या सुरक्षेबद्दल. आम्ही वरच्या पायरीवर बसलेलो असताना इंजिनाच्या दोन बोटी त्याच बंद केलेल्या पात्रातून वरखाली फिरत होत्या. एकीत पाहुणे, दुसरीत त्यांचे कार्यकर्ते आणि फोटो काढणारे. दोन्ही खच्चून भरलेल्या. कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ब्रह्मनाळची नाव काय म्हणून उलटली होती? क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती म्हणूनच ना? तेव्हा निदान पुरातून जीव वाचवायची घाई होती. परवा कसली घाई होती?

दुपारी परत घाटावर आलो तेव्हा फेऱ्या सुरू होत्या आणि या बोटी शर्यतीच्या होड्यांच्या बरोबरीनं पळत होत्या. इंजिनाच्या बोटीमागं लाट उठते. शर्यतीच्या होडीचा काठ पाण्यापासून फार वर नसतो, आणि कडेनं लाट आली की पाणी थेट आत येतं. शेवटच्या फेरीत काठाकडच्या होडीचं तेच झालं. पोरं वल्ही सोडून हातानं पाणी उपसायला लागली, होडी कलली, सुकाणूवाल्यानं कशीबशी सावरली. वर्षभर हाताला घट्टे पाडून घेतलेल्या त्या पोरांचा नंबर या लाटेनं घालवला. बातमीत ती होडी ‘मागे पडली’ एवढंच आलंय.

केरळात आलप्पुळ्याला नेहरू ट्रॉफीच्या शर्यती होतात, 1952 सालापासूनची परंपरा आहे. तिथंही त्या दिवशी पाण्यातली वाहतूक रोखतात. पण शर्यतीच्या मार्गात घुसणारी बोट जप्त करून चालकाचा परवाना निलंबित करण्याचे आदेश निघतात. बंदी आधी इंजिनाला लागते. आपल्याकडं ती लागली आम्हाला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मासेमारी करणाऱ्या गृहस्थाला. रात्री लावलेली जाळी त्याला सकाळी काढू दिली नव्हती. जाळी कुठं वाहून गेली ते बघायलाही तो पाण्यात जाऊ शकत नव्हता. त्याला आदल्या दिवशी कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर त्यानं जाळी लावलीच नसती.

आणि सांगायला काय अडचण होती? पावसाळ्यात आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे हे या गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडले, हे मध्यरात्रीसुद्धा प्रत्येकाच्या मोबाइलवर येतं. गल्लीतून रिक्षा फिरवून स्थलांतराच्या सूचना देतात, त्या आम्ही ऐकतो आणि पाळतो. तीच यंत्रणा वापरून अमुक घाट अमुक वेळेत बंद राहील, विधीसाठी अमुक घाट मोकळा आहे, एवढं कळवता आलं असतं. आम्ही सकाळी सरळ हरिपूरला गेलो असतो. कुणाशी हुज्जत नाही, कुणापुढं हात जोडणं नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक लिहितो. आमच्या सुरक्षेसाठी त्या दिवशी आम्हाला नदीच्या पाण्याला हात लावू दिला नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी याच नदीत येतं, ते वर्षानुवर्षं कुणाला अडवता आलेलं नाही. ते धुळगावला नेऊन शुद्ध करायची योजना झाली, तिच्यावर खर्च झाला, प्रत्येक निवडणुकीत नाल्याचं नाव निघालं. ज्या पाण्यात आम्ही अस्थी सोडतो, ज्याचं तीर्थ म्हणून आचमन करतो, जे शुद्ध करून नळाला येतं, त्याच्या सुरक्षेसाठी असे बांबू कधी बांधणार? आपल्या वृत्तपत्रानं यावर पूर्वी मालिका चालवली होती, नंतर तीही थांबली.

शर्यती पुढच्या वर्षीही होणार आणि व्हायलाच पाहिजेत. आयोजकांकडून आणि प्रशासनाकडून नदी बंद ठेवण्याच्या नेमक्या वेळा आणि मोकळ्या घाटाचं नाव आठवडाभर आधी मागून घ्या आणि ते बक्षिसांच्या तक्त्याशेजारी छापा, अशी आपणास विनंती आहे. पाहुण्यांची बोट किनाऱ्याला बांधून ठेवायला लावण्याचं काम मात्र प्रशासनाचं आहे. ते त्यांनी का केलं नाही, हे आपल्या प्रतिनिधीनं त्यांना विचारावं आणि मिळेल ते उत्तर छापावं.

आपला,
एक जुना वाचक
गावभाग, सांगली