आमच्या शाळेचं नाव आम्हाला परत द्या

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी एका पालकांचा फोन आला. पाचवीच्या प्रवेशाची माहिती बघायला त्यांनी आमच्या शाळेच्या वेबसाइटचा पत्ता मोबाईलवर टाकला. मुलगी शेजारीच बसलेली. उघडला तो पैशांचा जुगार. ‘सर, हे तुमचंच आहे का?’ त्यांनी विचारलं. मी त्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, आता संस्थेचा सचिव आहे. मला उत्तर देता आलं नाही.

२०१४ साली आम्ही शाळेच्या नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं. पैसे संस्थेने भरले, पावती फायलीला आहे. पण वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मेलवर आणि मोबाईल नंबरवर केली. आम्ही काही तपासलं नाही, ती आमची चूक. पुढे तो धंदा बंद करून गाव सोडून गेला.

गेल्या वर्षी कार्यालयातले लिपिक निवृत्त झाले आणि शाळेच्या मेल खात्याचा पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. मेल कंपनी म्हणाली, डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करा, डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदवहीत, ही टीएक्सटी नोंद (मजकुराची एक ओळ) टाका. त्यांनी दिलेली अगम्य अक्षरांची ती लांबलचक ओळ मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. टाकायची कुठे? डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या खात्यात. तिथे शिरायला ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो त्या मुलाच्या जुन्या नंबरवर. तो नंबर आता भलत्याच गृहस्थांकडे आहे. त्यांनी तीनदा ऐकून घेतलं, चौथ्यांदा माझा नंबर ब्लॉक केला.

संस्थेचा नोंदणी दाखला पाठवला, पॅन कार्ड पाठवलं, कार्यकारिणीचा ठराव पाठवला, पावती पाठवली. उत्तर एकच: नोंदीत तुमचं नाव नाही. एका सरकारी तक्रार कक्षाने ‘आठ दिवसांत कळवतो’ असं फोनवर सांगितलं. पाच महिने झाले. मध्ये तक्रार निकाली काढल्याचा मेसेज तेवढा आला. काय निकाल लागला? कुणी सांगितलं नाही. तोवर नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्या मुलाच्या बंद मेलवर जात राहिली, मुदत संपली, डोमेन मोकळं झालं आणि कुणीतरी ते उचललं.

मंत्रिमहोदय, रात्री दोन-दोनला उठून मी तो पत्ता पुन्हा टाकून बघतो. बायको म्हणते, फोन ठेवा. रक्तदाबाची गोळी दुप्पट झाली आहे. जुगारापेक्षाही मला दुसरीच भीती वाटते. आमचे शेकडो माजी विद्यार्थी अजून त्याच पत्त्यावर मेल करतात. दाखल्यासाठी आधारची प्रत, गुणपत्रिका, सगळं पाठवतात. डोमेन ज्याच्या हातात, त्या नावाने येणारी पत्रंही त्याच्याच हातात.

धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी आमच्या मालमत्तेच्या यादीवर शाळेची जमीन आहे, इमारत आहे. नोंदवहीत बाकं आणि प्रयोगशाळेतला तराजूसुद्धा आहे. शाळेचं इंटरनेटवरचं नाव मात्र कुठल्याही दप्तरात नाही. ज्याच्या खिशात मोबाईल, त्याचं नाव, हा कुठला न्याय?

डॉट इनची नोंदणी सांभाळणारी निक्सी ही संस्था तुमच्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. वादासाठी लवादाची वाट आहे, पण फी तक्रारदाराने भरायची. खडूचे पैसे वर्गणीतून काढणाऱ्या शाळेने कुठून भरायची? रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना फक्त बँकांसाठी राखलेल्या ‘बँक डॉट इन’ पत्त्यावर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बँकेच्या नावाने कुणी फसवू नये म्हणून हे करता आलं. मग शाळेच्या नावाने का नाही? पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा २०२५ सालीच झाला, आणि आमच्या नावाच्या पत्त्यावर आज तेच चालू आहे!

नोंदणीकृत संस्थेच्या नावाने डोमेन घेताना संस्थेचा नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. संपर्काचा नंबर बंद पडला तर नोंदणी दाखला आणि ठराव बघून ताबा देणारा एक माणूस नेमा, ज्याला फोन लावता येईल. आणि तो जुगार आज बंद करा.

प्रत्येक माहिती ऑनलाइन भरा, हा हुकूम आम्ही वर्षानुवर्षं पाळतो. यू-डायसवर शाळेची माहिती भरतो, शालार्थवर पगाराची भरतो, सर्व्हर बसला की पहाटे उठून भरतो. शिकवायचे तास त्यात गेले. आम्ही एक दिवस चुकलो तर खुलासा मागता. आमचं नावच गेलं तर खुलासा कोण करणार? फॉर्म भरून घेणारे शंभर, जबाबदारी घेणारा एकही नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. फळ्यावर, पत्रकांवर, गेल्या वर्षीच्या गुणपत्रिकांवर तोच पत्ता छापलेला आहे. दोन शिपाई आणि मी पत्रकांवरच्या त्या ओळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसलो आहोत.

उत्तर कृपया पोस्टाने पाठवा. शाळेच्या मेलवर पाठवलंत तर ते आम्हाला मिळणार नाही.

आपला,
एका ग्रामीण शिक्षण संस्थेचा सचिव