पट्टीवर टोलचा रकाना नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाशीच्या भाजीपाला बाजारात मी एका गाळ्यावर मेहताजी आहे. 1996 मध्ये हा बाजार मुंबईतून इकडे आला, त्याच वर्षी मी कामाला लागलो. तेव्हापासून पहाटे 3 वाजता कोपरखैरण्याहून निघायचं आणि उजाडेपर्यंत पट्ट्या लिहायच्या, हाच दिनक्रम. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब. किती नग आले, वजन किती भरलं, काय दराने गेला, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा आणि सगळ्यात खाली त्याच्या हातात पडणारी रक्कम.

परवा कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याची ढोबळी मिरचीची 18 कॅरेट आली होती. "मेहताजी, भाडं एवढं कसं लावलंय?" गाडीवाला समोरच चहा पीत होता. त्याने मोबाईल काढला आणि फास्टॅगचे मेसेज एकाखाली एक दाखवले. आनेवाडी, खेड शिवापूर, पुढे पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग. एकट्या द्रुतगती मार्गावर ट्रकला 685 रुपये. मी फोनवर एकेक नाका वाचून दाखवला. शेतकरी थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे टोल मीच भरतोय." खरं आहे. टोल भाड्यात जातो, भाडं पट्टीतून जातं. मिरची 50 ने जावो नाहीतर 12 ने, ते आधी वजा होतं. पट्टीवर टोलचा वेगळा रकाना मात्र नसतो, त्यामुळे ते त्याला कधी दिसत नाही.

टोल घेऊच नये असं मी म्हणणार नाही. द्रुतगती मार्ग होण्याआधी खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली की रात्रीची मेथी इथे दुपारी पोचायची. जुड्या सोडल्या की आतून गरम वाफ यायची आणि पानं पिवळी. तो माल उकिरड्यावर जाताना मी पाहिला आहे. रस्ता झाला, हे चांगलंच झालं. सरकारकडे एकरकमी पैसा नव्हता म्हणून 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ काढलं, त्याने पैसा उभा केला, मुंबईत 55 उड्डाणपुलांचं काम हाती घेतलं आणि वसुलीसाठी शहराच्या वेशीवर 5 नाके बसले. उधारीवर काम केलं तर उधारी फेडावी लागते, हे बाजारात बसणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

पण उधारीची वही असते. आमच्या गाळ्यावर पेढीचा मालक येवो नाहीतर शेतकऱ्याचा पोरगा, वही उघडून दाखवावी लागते. किती उचल दिली, किती फिटली, किती बाकी. टोलची ही वही कुठे आहे?

राज्याच्या रस्त्यांवरचा टोल महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, 1958 च्या कलम 20 खाली अधिसूचना काढून लावला जातो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली 59 वी नोंद आहे 'पथकर'. म्हणजे हा विषय आपल्या विधिमंडळाचा. पण अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर सभागृहात जशी चर्चा आणि मतदान होतं, तसं 15-16 वर्षांच्या टोल कराराच्या बाबतीत होत नाही. द्रुतगती मार्गाची वसुली 2004 मध्ये 15 वर्षांसाठी कंत्राटदाराला दिली ती 918 कोटींना. 2020 मध्ये पुन्हा दिली, या वेळी 10 वर्षांसाठी, 8,262 कोटींना. दोन्ही वेळा जुना पुणे रस्ता धरूनच. काळ बदलला, गाड्या वाढल्या, टोलचे दर वर्षाला 6 टक्क्यांच्या हिशेबाने तीन वर्षांनी एकदम 18 टक्के चढत गेले, हे मलाही कळतं. तरी पहिल्या करारात गाड्यांचा अंदाज काय धरला होता आणि प्रत्यक्षात किती धावल्या, हे दोन आकडे सभागृहासमोर शेजारी शेजारी ठेवायला नकोत का?

सवलतीचं तर मला फारच लागतं. 2015 मध्ये 12 नाके बंद झाले, 53 नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला सूट मिळाली. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल गेला. आमच्या सोसायटीत त्या दिवशी पेढे वाटले. मीही खाल्ला, मनापासून. ऐरोलीच्या आणि वाशीच्या रांगेत माणसांची किती वर्षं गेली आहेत! पण कंत्राटदाराला ठरलेली वसुली मिळाली नाही की भरपाई द्यावी लागते. ती रोख द्यायची, नाहीतर वसुलीची मुदत वाढवून द्यायची. रोख दिली तर ती तिजोरीतून, म्हणजे ज्याने आयुष्यात कार घेतली नाही त्याच्याकडूनही. मुदत वाढवली तर ज्यांना सूट नाही त्यांच्याकडून. मालाच्या ट्रकला सूट नाही. आमच्या बाजारातून भायखळ्याला भाजी नेणारा ट्रक त्या मध्यरात्रीनंतरही वाशीला टोल भरतच होता. कारला 45 होते तेव्हा त्याला 150 होते. मग मुदतवाढीचा बोजा अखेर कोणाच्या पट्टीत उतरणार?

गेल्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात एका नाक्याचे आकडे मागितले होते. खर्च किती, आजवर वसूल किती, बाकी किती. दोन महिन्यांनी उत्तर आलं की ही कंत्राटदाराची व्यावसायिक माहिती आहे, देता येत नाही. पैसे शेतकऱ्याचे, रस्ता सरकारचा आणि माहिती मात्र कंत्राटदाराची.

म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या आमदारांना, पक्ष कोणताही असो, माझी कळकळीची विनंती आहे की येत्या अधिवेशनात कलम 20 मध्ये दुरुस्ती मागा. सही होण्याआधी प्रत्येक टोल करार दोन्ही सभागृहांच्या पटलावर आला पाहिजे. खर्च, वसुली आणि बाकी यांचा लेखापरीक्षित तक्ता दरवर्षी, प्रत्येक नाक्यावर, ड्रायव्हरला वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत लागला पाहिजे. आणि सभागृहाच्या मतदानाशिवाय मुदतवाढ एका दिवसाचीही नको. सवलत जरूर द्या, फक्त तिची किंमत त्याच दिवशी सांगा. गुजरातने पायाभूत सुविधांसाठी 1999 मध्ये आणि राजस्थानने रस्त्यांसाठी 2002 मध्ये स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राला तर नवा कायदाही नको, आहे त्या कलमात चार ओळी घातल्या तरी पुरे.

कोरेगावच्या त्या शेतकऱ्याच्या पुढच्या पट्टीवर मी भाड्याखाली बारीक अक्षरात 'पैकी टोल' असं लिहून त्याच्या वाट्याची रक्कम मांडली. मालकांनी हरकत घेतली नाही. आता गाडीवाल्यांकडून मेसेज घेऊन सगळ्याच पट्ट्यांवर तसं लिहायला सुरुवात केली आहे. कोणा आमदारांना सभागृहात दाखवायला हव्या असतील, तर शेतकऱ्यांची नावं झाकून त्यांच्या नकला काढून देईन. रविवार सोडून पहाटे 4 ते सकाळी 10 मी गाळ्यावरच असतो.

आपला,
एक मेहताजी,
भाजीपाला बाजार, वाशी (रा. कोपरखैरणे, नवी मुंबई)