मेडिकाच्या मावशींना, सोलापूरहून

मावशी,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. पोरीनं विचारलं होतं, तुम्ही सांगितलंही, पण ते पोलिश नाव तिच्या कानात बसलं नाही. म्हणून मावशीच म्हणतो. २८ फेब्रुवारी २०२२ ला रात्री युक्रेनमधून पोलंडच्या सरहद्दीवर, मेडिकाच्या नाक्यावर आलेल्या गर्दीत सोलापूरची एक मुलगी होती, ल्विवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. खाली बसून तुम्ही जिचे बूट काढले, ती. मी तिचा बाप. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे चार माग आहेत, चादरीचे.

आधी माझी चूक सांगतो. थंडीच्या देशात चाललीय म्हणून सोलापुरी चादर मीच तिच्या बॅगेत कोंबली होती. युद्ध पेटल्यावर निघताना तिनं कागदपत्रांची फाईल, चार्जर, उरलीसुरली शेंगाचटणी आणि ती चादर एवढंच घेतलं. बसवाल्यानं गाड्यांच्या रांगेच्या शेपटालाच उतरवलं. पुढचे ३० किलोमीटर पायी, मग नाक्याच्या अलीकडे दोन रात्री उघड्यावर. चादर पडली सुती. बर्फानं भिजली आणि ओल्या पोत्यासारखी जड झाली. टाकून दे म्हणून मैत्रिणी मागे लागल्या, ही टाकेना.

त्या रांगेतलं ती अजून फारसं बोलत नाही. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे बाप लेकरांना नाक्यापर्यंत आणून माघारी फिरत होते. एकदा एवढं बोलली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

व्हिसा नसला तरी भारतीय विद्यार्थ्यांना आत घ्यायचं तुमच्या सरकारनं ठरवलं होतं, म्हणून ती पलीकडे आली. तिथं सूप, केळी, ब्रेड देणारे पुष्कळ होते. त्यांचेही उपकार आहेतच. पण तुम्ही आधी तिच्या पायांकडे पाहिलंत. ओले मोजे ओढून काढले, पाय पुसले, लोकरीचे कोरडे मोजे चढवले. मग तिचा बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला, तिथं फुकट वाटत होते ते सिमकार्ड घातलं आणि खुणेनंच सांगितलं, घरी लाव. आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. "बाबा, मोजे कोरडे आहेत," हे तिचं पहिलं वाक्य. मला काही कळेना. हिची आई तर रडायलाच लागली, पोरीचं डोकं फिरलं म्हणून.

१९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या गल्लीनं टेम्पो भरून जुने कपडे पाठवले होते. तिथं काय हवंय हे कुणी विचारलं नाही. घरात नको झालेलं गाठोड्यात बांधलं आणि पुण्य लागलं असं समजलो. हल्ली तो टेम्पो फार आठवतो.

आमचे कोल्हापूरचे एक पाहुणे म्हणतात, ही परतफेड आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, त्याची. असेल बापडी. पण तुम्हाला वळिवडं ठाऊक असेल असं मला वाटत नाही, आणि ठाऊक नसतं तर तुम्ही मोजे दिले नसते असं तर मुळीच वाटत नाही. यात हिशेब कशाला आणायचा?

आणि ती चादर. तुम्ही दोघींनी मिळून ती पिळली, हीटरपाशी टाकली. सुकली नाही, तेव्हा जाड पिशवीत बांधून तिच्या हातात दिलीत. टाकून दे म्हणाला नाहीत. पुढे तुमच्याकडच्याच झेशुफ शहरातून 'ऑपरेशन गंगा'च्या विमानानं पोरगी दिल्लीला आली. त्या मोहिमेत साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले, त्यात ओली चादर घेऊन आलेली बहुधा हीच. घरी पिशवी उघडली तेव्हा असा कुबट वास सुटला की विचारू नका. दोनदा सोड्यात भिजवून धुतली. रंग मात्र गेला नाही, एवढं मागवाला म्हणून सांगतो.

तिची आता इंटर्नशिप चालू आहे. तुमचे मोजे ती कुणाला घालू देत नाही, सोलापूरच्या उन्हात तिलाही घालता येत नाहीत.

तुमचा पत्ता असता तर नवी चादर पाठवली असती. तुमच्या थंडीत तिचा काही उपयोग नाही, ते आता कळलंय. उन्हाळ्यात पांघरली असती तुम्ही.