वायरमन काकांना, माशांच्या खोलीतून

काका, नमस्कार.

एवढं लांबलचक काही तुम्ही मोबाइलवर वाचत बसणार नाही, ठाऊक आहे. घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. पण तुमचे आभार मला चार लोकांसमक्षच मानायचे होते.

मासे पाळायच्या टाक्यांसाठी करून घेतलेल्या या खोलीत तुमच्या आधी बरेच जाणकार येऊन गेले. ठेकेदाराला मी सांगत होते, मोठ्या टाकीत 400 लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 400 किलो, काच, स्टँड आणि वाळू वेगळी. टाकी मधोमध नको, खाली तुळई आहे त्या भिंतीलगत घेऊ. त्याचं एकच पालुपद, "होऊन जाईल मॅडम." वर, "साहेब कधी भेटतील?" फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे हवा होता, तो त्याने दाराकडे दिला. आधीच्या वायरमनने टाक्यांमागे, फरशीपासून जेमतेम वीतभर उंचीवर बोर्ड ठोकला आणि पैसे घेऊन जो गेला, तो आजतागायत फोन उचलत नाही.

तुम्हाला बोलावलं ते केवळ तो बोर्ड वर घ्यायला. तुम्ही तो पाण्याच्या पातळीच्या वर नेलात, 30 मिलीअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारे स्विच, बसवलेत, प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ दिलात. वायरवरून ओघळणारं पाणी प्लगात न शिरता झोळाच्या टोकाशी टपकून जावं म्हणून. इथवर चांगला कारागीर करतोच. पण हीटर आणि एअर पंप तुम्ही वेगवेगळ्या आरसीसीबीवर का घेताय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणालात, "एकावरच घेतले तर हीटरची काच तडकली की हा आरसीसीबी पडणार. मग हवा पण बंद. मासे गुदमरतील ना?" मासे पाळणाऱ्यांनाही हे सहसा पहिला फटका बसल्यावर सुचतं.

काम संपलं, हत्यारं पिशवीत गेली, आणि तुम्ही विचारलंत, "लाइट गेली तर खालच्या टाकीत किती पाणी येतं?" मला सांगता येईना. तुम्ही पंपाचा स्विच बंद केलात, बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसून राहिलात. वरचं पाणी रिटर्न पाइपातून, म्हणजे पंप ज्यातून पाणी वर चढवतो त्या पाइपातून, उलटं सम्पमध्ये, त्या खालच्या टाकीत, उतरायला लागलं. थांबेचना. अगदी काठाला आलं तेव्हा तुम्ही उठून व्हॉल्व्ह बंद केलात. पाइपाचं तोंड वर टाकीत फार खोल होतं. पाणी तिथवर खाली उतरून पाइपात हवा शिरेपर्यंत ते ओढलं जाणारच. तुम्ही त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक भोक पाडलंत, पंप सुरू केलात, पुन्हा बंद केलात आणि पुन्हा बादलीवर बसलात. यावेळी पाणी बरंच खाली थांबलं. मग पंप चालवून, पातळी स्थिर झाल्यावर सम्पच्या काचेवर मार्करने आडवी रेघ मारलीत. "चालू असताना याच्या वर भरायचं नाही."

ते काम प्लंबरचं होतं. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "पाणी माझ्या वायरिंगच्या खोलीत सांडणार, मग माझंच की."

त्या दिवशी तुमचे दुसरे गिऱ्हाईक फोनवर फोन करत होते. अशा वेळी कुणी हात झटकून निघालं असतं तर मी दोष दिला नसता. आपल्याकडे हुशारीचं फार कौतुक होतं. काम संपल्यावरही पाच मिनिटं थांबणाऱ्या माणसाचं कुणी नाव काढत नाही. खरं तर अशा माणसांमुळेच आपली घरं उभी असतात.

नंतर तुम्ही सहज डोकावलात, तेव्हा टाक्यांत नुसतं पाणी बघून हसलात. मी सांगितलं, आधी जिवाणू वाढावे लागतात. ते माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे बस्तान बसायला चार ते सहा आठवडे जातात. लगेच तुमचा प्रश्न, "त्यांना पण हवा लागत असेल?" लागते, काका. एअर पंप इन्व्हर्टरवर गेला तो त्या प्रश्नामुळे.

आता मासे आलेत. सगळे ठणठणीत आहेत. एकदा सवडीने बघायला या. आणि हो, नवे मासे वेगळे ठेवायच्या टाकीसाठी अजून एक पॉइंट काढायचाय. यावेळी मजुरी कमी सांगू नका.

तुमची,
माशांच्या खोलीवाली