लॅबवाल्या पोरास, पत्रिकावाल्या काकूकडून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही, उगीच संकोचशील. वाईत ओळखायचे ते ओळखतीलच. तोंडावर आभार मानायला गेले की 'काकू, त्यात काय' म्हणत तू चपला घालून पसार होतोस, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुळशीचं लग्न लागून चार दिवस झालेले, म्हणजे आमच्या पत्रिका छापायच्या धंद्याची खरी दिवाळी. त्यात दुकानातल्या कॉम्प्युटरमधून टक्-टक् ऐकू यायला लागलं. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क; पानं जुळवायचं पेजमेकर, मराठी फॉन्टचं श्री-लिपी, अठरा वर्षांच्या लग्नपत्रिका, कृष्णामाईच्या उत्सवाची पत्रकं, सगळं तिच्या पोटात. मी शहाणपणा करून ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, आणली आणि एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर करणारं एक फुकटचं क्लोनिंग सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते म्हणे, नवी डिस्क लहान आहे. माझा माल जेमतेम २१० जीबीचा, मग लहान कशी? 'फक्त वापरलेला भाग' असा पर्याय सापडला, तर ३७ टक्क्यांवर रीड एरर. पुन्हा लावलं, पुन्हा ३७. रात्रभरात चार वेळा! पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, चेकडिस्क मार, म्हणजे विंडोजच डिस्क तपासून दुरुस्त करेल. मी मारणारच होते, तेवढ्यात तू झेरॉक्सला आलास.

'काकू, आधी तो माउस सोडा.' हे तुझं पहिलं वाक्य. दुसरं, 'विंडोज हवंय की फक्त फायली?' हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही. सॉफ्टवेअरच्या सीड्या कधीच्या हरवल्या, आणि तो फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तू मान डोलावलीस. शिकलेली मुलं इथं मला युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठी अक्षरांवर, प्रवचन देतात. तू दिलं नाहीस, त्याचेही आभार.

मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टल-डिस्क-इन्फो उघडून पिवळी पट्टी दाखवलीस. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर आकडा होता. डिस्कला जे तुकडे धड वाचता येत नाहीयेत त्यांची ती मोजणी, असं सांगितलंस. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. ते बिचारं ३७ टक्क्यांवर त्याच खड्ड्यात अडकत होतं आणि मी त्याला पुन्हा पुन्हा तिथंच ढकलत होते. चेकडिस्क वाईट नाही, पण मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती लिहायला लावायची नाही. आधी नक्कल काढायची, मग दुरुस्ती नकलेवर. हे तू टेबलावर बोटानं चौकोन काढून समजावलंस, म्हणून डोक्यात बसलं.

घरून तू १ टीबीची डिस्क आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह आणलास. काळ्या पडद्यावर डीडीरेस्क्यू, म्हणजे मरणाऱ्या डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर, सुरू झालं. चांगला भाग आधी उचलायचा, अडलं तिथून उडी मारून पुढं जायचं, आणि कुठं अडलं ते एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवायचं. मग शेवटी त्या खड्ड्यांकडे पुन्हा वळायचं. मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू. (गेलीच, साडेनऊला.) डिस्क तापतेय म्हणून तू आमचा टेबल फॅन तिच्यावर लावलास आणि आम्ही दोघं घाम पुसत बसलो.

सकाळी सगळ्या डिस्कमधलं जेमतेम ३ एमबी हाती लागलं नव्हतं. तू तेवढ्यावर थांबला नाहीस. ते ३ एमबी कुठल्या फायलींत पडले ते शोधलंस. एक बारशाची पत्रिका गेली, २०११ सालची. त्या बाळाला आता मिसरूड फुटलं असेल.

माल थोडा असला तरी त्याचा कप्पा, म्हणजे पार्टिशन, ५०० जीबीच्या मापाचा, म्हणून ४८० ची डिस्क लहान पडत होती; मग नकलेवरची पार्टिशन आकसायला घेतलीस. ती एका जागी अडून बसली, तेव्हा विंडोजच्या जागा न सोडणाऱ्या फायली हटवायला हायबरनेशन बंद केलंस, पेजफाइल काढलीस, आणि हलली. त्यानंतर एसएसडीवर क्लोन लावून, जाताना बजावून गेलास, 'झालं की मशीन बंद करा, माझ्या १ टीबीची वायर काढा, मगच एसएसडीवर चालू करा.'

मी काय केलं ते आता कबूल करते. वायर न काढताच मशीन चालू केलं. ते तुझ्या १ टीबीवरूनच सुरू झालं, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीसमोर 'ऑफलाइन' दिसलं. वाटलं, बिचारी बंद पडलीय. राइट क्लिक करून 'ऑनलाइन' केलं. नंतर एकट्या एसएसडीवर चालू केलं तर निळा पडदा, ०xसी०००००० आणि शेवटी ई. एक दुसरीची हुबेहूब नक्कल, त्यामुळे दोन्ही डिस्कची सही (ओळख-क्रमांक) एकच होती, म्हणून विंडोजनं एकीला गप्प बसवलं होतं. मी तिला उठवल्यावर त्यानं तिची सही बदलली, आणि बूटची नोंद जुनीच सही शोधत राहिली. तू रागावला नाहीस. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूटची नोंद नव्यानं लिहिणारी बीसीडीबूटची एक ओळ मारलीस आणि चहा मागितलास.

बॅकअपचीही तू लाज काढली नाहीस, मीच काढते. वर्षभर झिपची फाइल ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर जात नव्हती. 'फाइल फार मोठी' असा संदेश वाचून मी आणखी एक ३२ जीबीचाच घेऊन आले! पेनड्राइव्ह रिकामा होता, पण एफएटी-३२ या जुन्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेला होता आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करायला दोन मिनिटं लागली. मग कॉपी झालेल्यांतली एक पत्रिका तू माझ्याकडूनच उघडवून घेतलीस. तेव्हापासून दर शनिवारी मी एक फाइल उघडून बघते.

पैसे घेतले नाहीस. आईकडे डबा पाठवलाय, पुरणपोळ्या आहेत. तुझा लिनक्सचा पेनड्राइव्ह इथंच राहिला होता, तो डब्याच्या पिशवीत आहे. त्याला मी राइट क्लिक केलेलं नाही.

तुझी,
पत्रिकावाली काकू