कंत्राट किती वर्षांचं?

तासगाव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा अमेरिकेतून फोनवर तू कॉम्प्युटर सोडून इतिहास घेतेय म्हणालीस आणि बाबा फोन माझ्या हातात देऊन तडक बेदाण्याच्या शेडवर गेले. रात्री जेवतानाही त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. या पत्रात पैशांचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू पाठवलेला निबंध वाचला, शेजारी डिक्शनरी ठेवून. तिकडची इंग्रजांची वसाहत, जेम्सटाउन, १६०७ साली वसली ती एका कंपनीनं वसवली, आणि पुढे त्या कंपनीचा कारभार बघणारा टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, हे मला या वयात कळलं. शाळेत आम्हाला अमेरिका एका धड्यात आणि कंपनी सरकार दुसऱ्या धड्यात, दोघांची गाठ कधी कुणी घालून दिली नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथल्या पाचशेक माणसांतली साठेक उरली, घोडी-कुत्रीसुद्धा खाल्ली, हे वाचून मी उठलेच. तू नीट जेवतेस ना? मेसचं आवडत नसेल तर कुकर लाव, वरण-भाताला वेळ लागत नाही.

ज्यांच्याकडे जहाजाचं भाडं नव्हतं ते चार ते सात वर्षं राबायचं लिहून देत, तो भाग तू फार छान लिहिला आहेस. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा, मधून वेडावाकडा कापायचा, एक तुकडा मालकाकडे, एक चाकराकडे. तंटा झाला तर कडा जुळवून बघायच्या. भाडं भरणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमीन, चाकर तंबाखूच्या शेतात मेला तरी जमीन ह्याचीच. हे मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते ट्रे उलटे करत होते. एवढंच म्हणाले, "आणि आपलं कंत्राट किती वर्षांचं?"

बघ, आलंच. घर बँकेकडे तारण आहे हे तुला माहीत आहे, पुन्हा सांगत नाही. पण सुहासदादा म्हणत होता की इतिहासवाल्यांना शिक्षणानंतर तिथे वर्षभरच काम करता येतं, कॉम्प्युटरवाल्यांना आणखी दोन वर्षं मिळतात. खरं आहे का हे? निर्णय घेण्याआधी तू हे बघितलं होतंस का? तू बघितलं असशीलच. लहानपणी एस.टी.त बसायच्या आधी बोर्ड दोनदा वाचणारी मुलगी तू. जाऊ दे. मी पण ना.

निबंधातली एक गोष्ट मात्र मला खटकली. व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा, मूल गुलाम की मोकळं ते आईवरून ठरणार, तू दोन ओळींत संपवलास. मला तिथून पुढे जाववेना. इंग्रजांचा रिवाज बापाचा. नाव बापाचं, इस्टेट बापाची. आणि नेमकी इथे यांना आई आठवली! म्हणजे मालकानं आपल्याच पोराला गुलाम म्हणून वाढवायचं, विकायचंसुद्धा, आणि कायद्यानं त्याचे हात स्वच्छ. त्या बायकांना दिवस गेल्याचं कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल गं? ह्याच्यावर तू लिही. पानंच्या पानं लिही. मार्कांसाठी नको.

तुला एक सांगायचं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये हरलेला तुमचा तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस, शरणागतीच्या दिवशी आजाराचं निमित्त करून स्वतः न आलेला, तोच पुढे गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि टिपूवरच्या स्वारीत आपले परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूनं होते. दक्षिणेतली देवळं बघून भाऊंनी आपल्या गणपतीला गोपुर बांधलं. रथोत्सवात आजोबांच्या खांद्यावर बसून तू त्याचे मजले मोजायचीस. आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद तू उन्हात वाळत घालायचीस, आणि एकावर वाळवी लागली तेव्हा रडून गोंधळ घातला होतास. बाबा तेव्हा म्हणाले होते, "कारटीला जमिनीचं पडलं नाही, कागदाचं पडलंय." कौतुकानंच म्हणाले होते. आता तेच म्हणतात, सूर निराळा आहे.

मला अभिमान आहे. कसा सांगू? आपल्या घरातून कुणी तिकडच्या लोकांना त्यांचाच इतिहास सांगेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आणि भीतीही तेवढीच वाटते, की उद्या कोण तुला नोकरीवर घेणार. एखादा अकाउंटचा, कॉम्प्युटरचा पेपर जोडीला राहू दे, एवढंच माझं म्हणणं आहे. झालं परत लेक्चर! रागावू नकोस.

थंडीत कान झाक. शेंगदाण्याची चटणी आणि नवे बेदाणे सुहासदादाच्या मित्राबरोबर पाठवते, तो जानेवारीत येतोय.

आणखी एक. काल बाबांनी विचारलं, इतिहासात पीएच.डी. करणाऱ्यांना तिकडे विद्यापीठ पगार देतं म्हणतात, ते खरं का, आणि किती. तू त्यांना फोनवर आपणहून सांगू नकोस. मला लिही, मी जेवताना विषय काढते.

तुझी,
आई